पुराची वाकळ

गंगाखेडच्या बाजारात तीन भावांचं एक कापडाचं दुकान होतं. थोरला ईश्वरअप्पा गादीवर बसायचा, धाकटा सांबप्पा गाठोडं घेऊन आसपासच्या गावांचे आठवडी बाजार करायचा आणि मधला भीमाशंकर गिऱ्हाइकापुढं कापड उलगडायचा. कापडाची खरी पारख त्याचीच. डोळे मिटून पदर बोटांत धरला तरी हे नारायणपेठेचं, हे इरकलचं, हे गिरणीचं, असं सांगायचा. सिद्धम्मा ही त्याची बायको, चुडाव्याच्या एका लिंगायत शेतकऱ्याची लेक. तिला दोन लेकरं झाली, पण वर्षाचं होईपर्यंत एकही टिकलं नाही.

तिसाव्या वर्षी भीमाशंकरला लकवा मारला. सकाळी पूजेला बसला होता. डाव्या तळहातावर इष्टलिंग होतं आणि विभूती लावायला उजवा हात उचलेना. बोलायला गेला तर नुसता घरघर आवाज निघाला. परभणीचे डॉक्टर झाले, वैद्य झाले, मठातला अंगारा झाला. शेवटी त्याची बाज मागच्या पडवीत टाकली गेली आणि तिथंच तो राहिला.

दुकानात बसणारा माणूस पडवीत पडला की घरातली बोलणी बदलतात. थोरली जाऊ नागुबाई उघड काही म्हणायची नाही. भाकरी वाढताना फक्त एवढंच विचारायची, "तुमच्या दोघांच्या किती टाकू?" 'तुमच्या दोघांच्या' हे तिनं त्याच साली सुरू केलं.

सिद्धम्मा दिवसभर घरकामात असे. दुपारी सगळे पडले की ती नवऱ्याजवळ बसायची. त्याला करमत नव्हतं. एक दिवस तिला सुचलं, आणि तिनं भीत भीत ईश्वरअप्पाला विचारलं, "भावजी, दुकानातलं कातरण मी नेऊ का?"

"ने की," तो म्हणाला. "कचराच हाय तो. नाहीतरी सांजच्याला झाडून टाकतावच."

तिनं टोपलीभर चिंध्या आणून नवऱ्याच्या बाजेवर ओतल्या. भीमाशंकरचा डावा हात चांगला होता. त्यानं एक तुकडा उचलला, बोटांत चोळला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. तासाभरात त्यानं बाजेवर ढीग लावले: मांजरपाट एकीकडं, छीट एकीकडं, खणाचे तुकडे उशापाशी. त्या दिवशी सहा महिन्यांनी पहिल्यांदा तो पोटभर जेवला.

तिथून तिच्या वाकळी सुरू झाल्या. आधी साध्या होत्या, चौकोनाला चौकोन लावलेल्या. ती तुकडा मांडायची, तो बघायचा. पटलं नाही तर डाव्या हातानं तुकडा उडवून द्यायचा आणि दुसरा पुढं करायचा.

"अवं, ह्या हिरव्यात काय वाईट हाय?" ती चिडून विचारायची.

तो जीव एकवटून म्हणायचा, "इ... टंल."

विटेल. त्याचं खरं असायचं. तो म्हणायचा ते कापड दोन धुण्यांत विटायचंच. ती हसायची आणि त्यानं दिलेला तुकडा लावायची. तिच्या संसारात ह्याहून मोठी चैन कधी झाली नाही.

मग एका साली गोदावरीला मोठा पूर आला. घाटाच्या पायऱ्या बुडाल्या, पाणी देवळांना लागलं. सगळं गाव पूर बघायला गेलं, भीमाशंकर तेवढा पडवीत राहिला. सिद्धम्मा दोनदा जाऊन आली आणि काय काय वाहत आलं ते त्याला सांगत बसली: कडब्याची एक अख्खी गंजी, एक बाज आणि बाजेवर उभी कोंबडी, एक पाळणा, आणि एक तांबडी गाय, जी मान वर धरून मधोमध वाहत गेली आणि कुणालाच काही करता आलं नाही. भीमाशंकर ऐकत राहिला. मग त्यानं डावा हात टोपलीकडं केला.

ती वाकळ तीन वर्षं चालली. खाली जुन्या लुगड्यांचे पदर, वर निळं, काळं, गढूळ मातीच्या रंगाचं कातरण. टाका जरा ओढून घेतला की कापडाला बारीक सुरकुती पडायची. अशा हजारो सुरकुत्यांनी तिनं पाणी केलं. कडेला गंजी, कोंबडी, पाळणा. गाय मधोमध. तिच्यासाठी भीमाशंकरनं एका लुगड्याच्या तांबड्या काठाचा तुकडा वर्षभर उशाखाली जपून ठेवला होता.

निजामाच्या तेराशे पन्नास फसली सालात, म्हणजे इंग्रजी चाळीसच्या हिवाळ्यात, परभणीला शेतीची आणि हस्तकलेची नुमाइश म्हणजे प्रदर्शन भरायचं होतं. मुलींच्या शाळा तपासणाऱ्या एक बेगमसाहेब गंगाखेडला आल्या असताना त्यांच्या कानावर ही वाकळ गेली. त्यांनी घरी माणूस पाठवून ती मागवली, पाहिली आणि तशीच परभणीला घेऊन गेल्या. सरकारदरबारी आपल्या घराचं नाव होतंय म्हटल्यावर ईश्वरअप्पा खूश झाला. नाव लिहून द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं दुकानाचं दिलं.

नुमाइशीत एक दिवस फक्त बायकांसाठी होता. त्या दिवशी नागुबाई आणि सिद्धम्मा रेल्वेनं परभणीला गेल्या. मोठ्या मांडवात लोणच्याच्या बरण्या, घोंगड्या, बिदरची भांडी मांडलेली होती. आणि समोरच्या कनातीवर वाकळ उभी टांगलेली होती.

सिद्धम्मा जागीच थांबली. तीन वर्षं तिनं ती मांडीवर घेऊन शिवली होती, फार तर जमिनीवर पसरून. उभी आणि लांबून तिनं ती कधी बघितलीच नव्हती. लांबून पाणी हालत होतं. तिला स्वतःलाच ते नवीन होतं. बायकांची गर्दी समोर उभी होती. एक म्हातारी मुसलमान बाई गायीकडं बोट करून नातीला म्हणत होती, "देख, बेचारी कैसी गर्दन उठाई है."

तेवढ्यात बेगमसाहेब तिथं आल्या. त्यांनी नागुबाईला ओळखलं आणि विचारलं, "ये किसने बनाया?"

"आमच्या घरचंच हाय," नागुबाई म्हणाली.

"मी," सिद्धम्मा म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा निघाला की चार बायकांनी वळून बघितलं.

बेगमसाहेबांनी तिचा हात हातात घेतला, बोटांची टोकं बघितली. सुईनं ती खरबरीत झाली होती. "कितने दिन लगे?"

"तीन साल, बेगमसाब."

"और बनाओ," त्या म्हणाल्या. "हैदराबाद की नुमाइश में रखेंगे."

वाकळीखाली उर्दूत एक चिठ्ठी डकवली होती. सिद्धम्मानं शाळेतल्या एका मुलीकडून ती वाचून घेतली. मुलीनं वाचलं, "पारचाफरोश ईश्वरअप्पा, गंगाखेड. म्हणजे कापडवाले ईश्वरअप्पा." सिद्धम्मानं मान हलवली. पुढच्या आठवड्यात त्या वाकळीला चांदीचा तमगा, म्हणजे पदक, मिळाला आणि तो ईश्वरअप्पानं जिल्ह्याचे कलेक्टर असलेल्या तालुकदारसाहेबांच्या हातून घेतला.

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला चिठ्ठीचं सांगितलं नाही. एवढंच सांगितलं, "उभी टांगली व्हती. लांबून बघितलं तर पाणी हालतंय वाटतं." तो अर्ध्या तोंडानं हसला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

दीड वर्षानं तो गेला. रीतीप्रमाणे त्याला बसवून, अंगाला विभूती लावून समाधी दिली. सिद्धम्मानं कातरणाची टोपली माळ्यावर टाकली.

तो होता तोवर दोन्ही भाऊ एकत्र होते, त्याच्यामुळं म्हणा की लोकलाजेनं म्हणा. वर्ष व्हायच्या आत त्यांचं फाटलं. सांबप्पाची बायको चन्नबसम्मा आणि नागुबाई ह्यांचा चुलीवरून वाद झाला, तो दुकानापर्यंत गेला आणि वाटणीवर येऊन थांबला. पंच म्हणून मठाचे स्वामी आले आणि शेजारचे व्यापारी बन्सीधर आले. दुकान, घर, भांडी, म्हशी, सगळं ओसरीत बसून ठरलं. सिद्धम्मासाठी असं ठरलं की तिनं सहा महिने थोरल्याकडं आणि सहा महिने धाकट्याकडं राहावं. ती स्वयंपाकघरात होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तीही विचारायची वाट बघत नव्हती.

शेवटी राहिली वाकळ.

बन्सीधर म्हणाले, "सोपं हाय. तमगा एकानं घ्यावा, वाकळ दुसऱ्यानं."

दाराआडून नागुबाई म्हणाली, "तमगा काय पांघरून निजायचा?"

"आमच्या लेकरांनी काय उघडं निजायचं?" चन्नबसम्मा दुसऱ्या दारातून म्हणाली. "तालुकदारानं नाव काढलेली वस्तू थोरल्यांनीच का ठिवायची?"

स्वामी म्हणाले, "अहो, जिनं शिवली तिला द्या की."

ईश्वरअप्पा शांतपणे म्हणाला, "स्वामीजी, कापड दुकानाचं. दोरा दुकानाचा. तीन वरीस ती जेवली तेही दुकानाचंच. तिची म्हनायला सुई तेवढी तिची हाय. ती तिनं घ्यावी."

कचरा म्हणून दिलेलं कातरण दुकानाचं कापड झालं होतं. स्वामींनी मान खाली घातली. तमगा दुकानाच्या नावाचा म्हणून दुकानाबरोबर थोरल्याकडं गेला, आणि वाकळ अर्धी-अर्धी करायचं ठरलं.

ईश्वरअप्पानं दुकानातली मोठी कात्री मागवली. वाकळ ओसरीत पसरली. त्यानं गजानं मापलं, मधोमध खडूची रेघ मारली आणि गुडघ्यावर बसून कापायला लागला. आयुष्य कापड कापण्यात गेलेलं. रेघ सोडून कात्री तसूभर हलत नव्हती. पण मधल्या भागात आल्यावर कात्री अडली. त्यानं जोर लावला. पाती करकरली.

सिद्धम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचे हात पिठाचे होते. रेघ गायीच्या मानेवरून जात होती.

"तिथं सहा पदर हायत, भावजी," ती म्हणाली. "कात्री मोडंल. दोन बोटं डावीकडून घ्या."

ईश्वरअप्पानं वर बघितलं. सगळेच बघत राहिले. मग त्यानं कात्री दोन बोटं डावीकडं घेतली, तिथं ती सरळ चालली आणि वाकळीचे दोन भाग झाले. गाय अख्खी उजव्या भागात राहिली. सिद्धम्मानं जमिनीवर पडलेले दोरे गोळा केले आणि आत जाऊन राहिलेल्या भाकरी थापल्या.

उजवा भाग सांबप्पाच्या वाट्याला आला. आपला भाग दोन बोटं कमी आला, हे नागुबाई पुढं वर्षभर शेजारणींना सांगत होती. आणि कुणी वाकळीबद्दल हळहळलं की म्हणायची, "आमी काय जबरदस्ती केली? तिनंच बाहेर येऊन जागा दावली." हे खोटं नव्हतं. म्हणून तर सिद्धम्माला त्यावर काही बोलता येत नव्हतं. आपण तसं का सांगितलं, हे तिचं तिलाही नीट उमगलं नाही. गप्प बसले असते तर कात्री मोडली असती, भावजी कंटाळले असते, कदाचित राहिलंही असतं, असं तिच्या मनात येई आणि ती हातातलं काम जोरात करायला लागे.

सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं अशी दोन वर्षं गेली. थोरल्याच्या घरी तिच्या वाकळीचा अर्धा भाग पेटीत घडी घालून होता, डांबराच्या गोळ्या टाकून. धाकट्याच्या घरी दुसरा भाग लेकरांच्या अंगाखाली होता. आठवड्याला एकदा तो नदीवर धुवायला जाई, आणि तिचे सहा महिने असले की तीच नेई.

लढाईच्या दिवसांत कापडावर कंट्रोल आलं. परवान्याशिवाय थान मिळेना. ईश्वरअप्पा कचेरीच्या पायऱ्या झिजवत होता. अशात हैदराबादच्या नुमाइशीसाठी जिल्ह्यातून वस्तू मागवल्या गेल्या आणि त्याच बेगमसाहेबांनी चिठ्ठी पाठवली: पुराची वाकळ पाठवावी, आणि ह्या खेपेला शिवणाऱ्या बाईचं नाव लिहावं.

ईश्वरअप्पाला त्यात परवाना दिसला. तो स्वतः धाकट्याच्या घरी गेला, दोन वर्षांनी भावाशी बोलला आणि दुसरा भाग घेऊन आला. दोन्ही भाग सिद्धम्मापुढं पसरून म्हणाला, "सिद्धम्मा, हे जोडून दे. ह्या बारीला तुझं नाव लिहू."

ती दोन्ही भागांमध्ये बसली. पेटीतला भाग होता तसाच होता, निळा आणि गर्द. धाकट्याकडचा धुऊन धुऊन राखेच्या रंगाचा झाला होता आणि आटून चार बोटं आखूड झाला होता. जागोजाग लेकरांच्या मुताचे पिवळे डाग होते. तिनं दोन्ही कडा एकमेकींना लावून बघितल्या. एका बाजूची लाट दुसऱ्या बाजूला कुठंच मिळत नव्हती. तरी ती दुपारभर बसली. वरून सुरू करून बघितलं, खालून बघितलं.

"न्हाई जुळत, भावजी," ती म्हणाली.

"जोड तेवढं. कोन बघतंय इतकं?"

"मी बघायले न्हवं."

ईश्वरअप्पाचा चेहरा बदलला. ती घाईघाईनं म्हणाली, "मी नवी करते. हिच्यापरीस चांगली करते. मला कातरण द्या फकस्त. दोन वरसं लागतील."

"कातरण?" तो हसला. "इथं मुडद्याला कापड मिळंना आन् हिला कातरण पायजे. परवान्याची मुदत काय दोन वरसं थांबती व्हय?"

"मग मला जमायचं न्हाई."

नागुबाई उंबऱ्यातून म्हणाली, "कापायला जागा दावता आली. जोडायला बरं हात दुखायलेत. आन् खायाचं कुनाचं?"

सिद्धम्मा उठली. ते सहा महिने थोरल्याकडचे होते, त्यातले दोनच झाले होते. तिनं आपलं एक लुगडं, पूजेचं साहित्य आणि सुयांची डबी बांधली. नुमाइशीला वाकळ गेली नाही, धाकट्याचा भाग परत धाकट्याकडं गेला. तिचं नाव कुठं लिहिलं गेलं नाही. ईश्वरअप्पाला परवाना मात्र पुढं दुसऱ्या कुणाच्या तरी वशिल्यानं मिळाला.

चुडाव्याला तिचा भाऊ भुजंगप्पा होता. त्यानं तिला गोठ्याला लागून असलेली खोली दिली. ह्याहून जास्त त्याच्याजवळही नव्हतं. ती गावातल्या बायकांच्या वाकळी शिवून द्यायला लागली. जुनी लुगडी त्यांची, शिवण हिची, बदल्यात ज्वारी. सरळ दोरे, कडेपासून कडेपर्यंत. पहिल्या वर्षी शेजारची दगडाबाई म्हणाली, "सिद्धम्मा, माझ्या नातवाला एखादा मोर काढ की गं. तुला येतं म्हनं."

"येत न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "कुनी सांगितलं?"

पुन्हा कुणी विचारलं नाही.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं तेव्हा रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं हलत होती. लोक हिंगोलीपर्यंत रेल्वेनं आणि तिथून बैलगाडीनं वऱ्हाडात जात होते. माघाच्या थंडीत एका संध्याकाळी चन्नबसम्मा दोन लेकरांसह दारात उभी राहिली. सांबप्पा आधीच वाशीमला पोचला होता. हिंगोलीची गाडी दुसऱ्या दिवशी होती आणि पूर्णेच्या स्थानकावर रात्र काढायला ती भ्याली होती, म्हणून एक स्थानक पुढं येऊन उतरली होती.

"आक्का, एक रात," ती म्हणाली. धाकटं लेकरू तापानं फणफणलं होतं. ते वाकळीत गुंडाळलेलं होतं.

सिद्धम्मानं त्यांना आत घेतलं, कढी-भाकरी केली. लेकराला खाली ठेवलं तेव्हा दिव्याच्या उजेडात तिला वाकळ दिसली. रंग ओळखू येत नव्हता. मधोमध वीतभर फाटलं होतं आणि आतले पदर बाहेर आले होते. चन्नबसम्माची नजर खाली गेली. ती म्हणाली, "आक्का, एवढं शिवून देता का? वारं लागतंय लेकराला आतून."

सिद्धम्मानं डबी काढली. फाटलं होतं तिथं जोडायला कापड उरलंच नव्हतं, वरून ठिगळच लावावं लागणार होतं. घरात गोणपाटाशिवाय काही नव्हतं. तिनं गोणपाटाचा तुकडा कापला आणि त्या जागी ठेवला. तुकड्याखाली गाय गेली, मानेसकट. तिनं टाके जवळ जवळ घातले, चारी बाजूंनी दुहेरी. काम पक्कं झालं. चन्नबसम्मा भिंतीला टेकून बघत होती.

"आक्का," ती म्हणाली, "त्या दिवशी स्वामी म्हणाले तवा मी 'द्या' म्हनायला पायजे व्हतं."

सिद्धम्मानं दोरा दातानं तोडला. "निज आता. सकाळी गाडी हाय."

सकाळी तिनं त्यांना स्थानकापर्यंत पोचवलं आणि परत येऊन कामाला बसली. दगडाबाईची वाकळ दुपारपर्यंत द्यायची होती. दगडाबाई ती न्यायला आली तेव्हा म्हणाली, "रातच्याला लेकरांचा आवाज येत व्हता तुज्याकडं. कोन आलं व्हतं?"

"गिऱ्हाईक," सिद्धम्मा म्हणाली, आणि राहिलेल्या दोन ओळी शिवून तिनं वाकळ तिच्या हातात दिली.